आधी पाण्याची चौकशी

मे महिन्यात औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीसमोर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट मागायचा. "साहेब, पोरांना सुट्ट्या लागल्यात. डोंगर असावा, पाणी असावं, जरा गार असावं. अशी कुठली गाडी आहे?" मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी, फलाट आणि वेळ सांगितली की माझं काम संपत होतं. तरी मी विचारायचोच, की पाणी कोणतं बघायचंय आणि निघायचंय कधी? कारण मे महिन्यात म्हैसमाळला धबधबा शोधायला गेलेली आणि श्रावणात नाथसागरावर फ्लेमिंगो शोधायला गेलेली कुटुंबं परत येताना मी पाहिली आहेत. हिरमुसलेली पोरं आणि त्यांच्यावरच डाफरणारा बाप. एका प्रश्नानं हे टळण्यासारखं असतं.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं, की ही चौकशी माझ्या खिडकीपाशी सुरू झालेली नाही. वेरूळ-अजिंठ्यावर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. पण आमच्या शहरातली माणसं उन्हाळा काढायला, तळं बघायला, समुद्र गाठायला कशी आणि कुठून निघत, हे त्यांत तुकड्यातुकड्यानं सापडतं. ते तुकडे जोडले की एक गोष्ट ठळक दिसते. इथून निघालेल्या प्रत्येकानं आधी पाण्याचा हिशेब मांडला आणि मग सामान बांधलं. आज हाच हिशेब सुटत चाललाय, म्हणून हे लिहायला बसलो.

शहराची बैठकच तशी आहे. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली ती सह्याद्री ओलांडताना रिकामे झालेले ढग पोचतात त्या बाजूला. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आटोपणारा. अंबरनं उत्तरेकडच्या डोंगरांत झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पुढं तिच्यासारख्या आणखी नहरी झाल्या. १७४४ साली पाणचक्की उभी राहिली तीसुद्धा डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर. उंचावरून पडणाऱ्या त्या पाण्यानं चक्की फिरायची आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघायचं. आमच्याकडे खेड्यातून पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा तिथंच नेत. वडाची सावली, हौदातले मासे आणि कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज. एप्रिलच्या दुपारी त्या हौदाच्या काठावर बसलेल्या माणसाला दुसरं काही दाखवावं लागत नाही. सहलीला शहराबाहेर जायची सोय नव्हती, तेव्हा डोंगराचं पाणीच शहरात येऊन लोकांची सहल घडवत होतं, असं मला वाटतं.

डोंगरावर जाऊन राहायची रीतही इथं जुनी आहे आणि तिचं पहिलं ठिकाण खुलताबाद. जुनी माणसं अजून 'रोजा' म्हणतात. समुद्रसपाटीपासून २,७३२ फूट आणि खालच्या मैदानापासून सुमारे ५०० फूट, एवढीच काय ती उंची. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. पण दौलताबादचा घाट चढून वर आलं की संध्याकाळचा वारा अंगावर वेगळा लागतो, हे ज्यानं एकदा अनुभवलं तो विसरत नाही. इंग्रजांच्या काळातल्या इंपिरियल गॅझेटियरनं या गावाची नोंद उन्हाळ्यात हवा खायला जाण्याचं आवडतं ठिकाण अशी केली आहे. त्या वेळी औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणीतले साहेब लोक उन्हाळा सोसेना झाला की वर रोज्याला जात. त्यांच्याही आधी कित्येक शतकं माणसं तो डोंगर चढत होती, ती हवेसाठी नव्हे. बुऱ्हाणुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी हे सुफी तिथं विसावले. औरंगजेबाला १७०७ साली तिथंच दफन केलं, आणि मलिक अंबरची कबरही त्याच गावात आहे. ज्यानं खाली शहर वसवलं तो आणि ज्यानं त्या शहराला आपलं नाव दिलं तो, दोघंही वर डोंगरावर आहेत.

तिथून जवळच सुलीभंजन. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू, आणि नाथांनी तप केलं ते या डोंगरावर अशी आमच्या भागात श्रद्धा आहे. दत्तमंदिराच्या आवारात एक मोठी शिळा आहे. हातात गोटा घेऊन तिच्यावर टकटक केलं की दगडातून धातूवर आपटल्यासारखा आवाज येतो. सगळीकडून सारखा येत नाही. काही जागी नुसताच बोदा आवाज येतो आणि हातभर सरकलं की टणत्कार. शाळेच्या सहलीतली पोरं त्या शिळेभोवती गोळा झाली की शिक्षकांना ती हलवता येत नाहीत. पावसाळ्यात कड्यावरून खाली पाहिलं तर वेरूळपर्यंतचा मुलूख हिरवा दिसतो, आणि चैत्रात तिथंच उभं राहिलं तर नुसता पिवळा. दोन्ही बघावे असं माझं मत आहे, पण गावाकडून पहिल्यांदाच येणाऱ्याला मी पावसाळाच सांगायचो.

आता बाहेरून इकडे येणाऱ्यांचं नियोजन बघा. जॉन सीली नावाचा मुंबईच्या पलटणीतला अधिकारी १८१० च्या सुमारास वेरूळ बघायला निघाला, तो पुणे, नगर आणि गोदावरीकाठचं टोकं असं करत आला. १८२४ साली त्याचं पुस्तक छापलं गेलं. आगगाडी आल्यावर वाट बदलली. जी.आय.पी. रेल्वेनं नांदगावला उतरायचं आणि पुढं सुमारे ५५ मैल टांग्यानं. नांदगावहून टांगा आधी ठरवावा लागे, वाटेत घोडे बदलावे लागत आणि काळ्या मातीच्या वाटा असल्यामुळे पावसाळ्यात कुणी या भानगडीत पडत नसे. म्हणजे त्या काळातल्या पाहुण्याला म्हैसमाळचा श्रावण कधी दिसलाच नाही. त्यांच्या वर्णनांत आपला मुलूख उजाड आणि तपकिरी दिसतो याचं एक कारण हे असणार. ते आले हिवाळ्यात आणि परतले उन्हाळ्याच्या तोंडावर.

याबाबतीत नमुनेदार आखणी केली ती लेडी हेरिंगहॅम यांनी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला काढण्यासाठी १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे त्यांनी फर्दापूरजवळ तंबू ठोकून काढले. सोबत कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते. नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे त्यांतलेच. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. राहण्याची व्यवस्था करायला निजाम सरकारनं मदत केली. चित्रकारांची ही फौज तिथं कामासाठी आली होती, सहलीसाठी नव्हे. तरी त्यांनी जे पाळलं ते सहलीलाही लागू आहे. थंडीत वाघूर नदी वाहती असते, ऊन सोसवतं, आणि त्या घळीत दिवसभर उभं राहून काम करता येतं. अजिंठ्याची ती घोड्याच्या नालेसारखी दरी मे महिन्यात तापली की खडक रात्रीसुद्धा गार होत नाही. आमच्या 'अजिंठा दर्शन' गाडीचे चालक उन्हाळ्यात पाण्याचा जार स्वतःच भरून घ्यायचे. कुणी सांगावं लागत नसे.

१९०० साली मनमाड-हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज लाइन झाली आणि टांग्याचे ५५ मैल इतिहासजमा झाले. औरंगाबाद मुंबईला जोडलं गेलं, पण मनमाडला गाडी बदलून. ही मनमाडची अदलाबदल पुढं नव्वद वर्षं आमच्या प्रत्येक सहलीत होती. रुंद रुळांची गाडी शहरात आली ती नव्वदच्या दशकात. तोवर मोठी ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि पोरं घेऊन पूल चढायचा आणि पलीकडे मुंबईच्या गाडीसाठी थांबायचं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी समुद्राआधी मनमाडचा फलाट पाठ केला होता.

रस्त्याची गोष्ट निराळी. मराठवाड्यात सरकारी बस आली ती निजामाच्या रेल्वे खात्याकडून, १९३२ साली. पुढं १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि आमच्या गाड्याही तिकडे जमा झाल्या. एसटीचा फाटा गावोगावी पोचला आणि मगच सामान्य माणसाच्या हातात डोंगर आला. म्हैसमाळ त्यातलंच. खुलताबादहून आणखी वर, साधारण साडेतीन हजार फुटांवरचं पठार. गिरिजामातेचं देऊळ, बालाजीचं देऊळ, दूरदर्शनचा मनोरा आणि कड्यावरची थांबण्याची जागा. एवढ्याशा जागेला 'मराठवाड्याचं महाबळेश्वर' म्हणतात. मला ते आवडत नाही. म्हैसमाळला कुणाच्या नावानं ओळखायची गरज नाही. गिरिजा नदी या डोंगरांतून निघते, पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. पावसाळा लागला की पठारावर तेरडा फुलतो, ढग देवळाच्या पायऱ्यांवर उतरतात आणि पुढच्या माणसाची छत्री दिसत नाही. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी तिथं वर्षानुवर्षं गुडघ्यावर बसून गवतातली फुलं शोधत आले आहेत. वि. ना. नाईक यांचे 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हे दोन खंड १९९८ साली आले. ते चाळले तर आपण ज्याला माळ म्हणून सोडून देतो तो किती भरलेला आहे हे कळतं.

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला जाणारी गर्दी हा आमच्या शहराचा खरा जुना 'ट्रेक' आहे. शुक्रवारी रात्री पोरं, बायाबापड्या, कारखान्यातली पाळी संपवून आलेली माणसं शहरातून पायी निघतात, घाट चढतात आणि पहाटे खुलताबादला दर्शन घेतात. यांतल्या कुणालाही विचारलं की निसर्ग बघायला निघालात का, तर ते हसतील. पण ओल्या रस्त्यावरून, अंधारात, झऱ्यांच्या आवाजात केलेली ती पंचवीसेक किलोमीटरची चाल त्यांना वर्षभर पुरते. घाटात आमच्या जादा गाड्या असायच्या. परतताना गाडीत चढलेल्या माणसाच्या पायांत चप्पल नसायची, डोळे झोपेनं भरलेले असायचे आणि तो आनंदात असायचा.

कन्नडच्या पुढचा गौताळा थोडक्यात सांगतो. १९८६ साली अभयारण्य झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. त्यातला घाट औट्रम साहेबाच्या नावाचा. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम तो हाच. त्याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी आणि खाली चाळीसगावकडे पाटणादेवी. पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं १२०७ साली ज्योतिषाचा मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गणित शिकवायला अशी पाण्याची, झाडीची जागा निवडणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे. तिकडे जायचं ते भाद्रपद-आश्विनात.

आणि लोणार. उल्केच्या आघातानं झालेल्या, पावणेदोन किलोमीटरहून थोड्या अधिक रुंदीच्या विवरातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर. 'ऐन-ए-अकबरी'त काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो अशी नोंद आहे, म्हणजे तेव्हा लोक तिथं क्षारासाठी जात. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यानं १८२३ मध्ये त्याची नोंद केली. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश बघायला धावला, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. पाणी आटून खारटपणा वाढला म्हणून रंग बदलला होता. जालन्याहून जाताना सिंदखेडराजाला थांबा, जिजाऊंचं जन्मस्थान बघा आणि मग पुढं जा, हे मी प्रत्येकाला सांगायचो.

आता नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मी पैठण तालुक्यातला.

गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार निजामाच्या काळापासूनचा. तेव्हाची जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होती. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधल्या अकरा वर्षांत १९७२ चा दुष्काळ होऊन गेला. माझे वडील तेव्हा मातीकामावर होते. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. तो वाहताना आणि दाबताना त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. पण भिंतीवरून चालताना ते पायाखाली बघत चालायचे. समोर पसरलेल्या पाण्याकडे बघत नसत.

धरण पुरं भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी होतं. एकूण साठा १०२ टीएमसीच्या घरातला. मराठवाड्याच्या माणसानं एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की लाटा येतात. पैठणची पोरं तिथं उभी राहून 'समुद्र असाच असतो का?' विचारायची. समुद्र पाहिलेलं घरात कुणी नसायचं, त्यामुळे उत्तरही मिळायचं नाही.

पण या पाण्याखाली गावं आहेत. आईचं माहेर त्यांतलंच. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिच्या भावांनी घराची दारं, तुळया, देवघरातले टाक उचलून बैलगाडीत घातले आणि नव्या वसाहतीत आले. पुढं ज्या ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, त्या त्या वेळी जुन्या गावाचे जोते उघडे पडले. आई हट्टानं तिथं जायची. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या असायच्या. त्या भेगांतून ती पावलं मोजत चालायची. इथं मारुतीचा पार, इथं आड, इथं आमची पडवी. मला जोत्याचे काळे दगड दिसायचे, तिला अख्खं घर दिसायचं. एकदा एका दगडावरचा गाळ तिनं पदरानं पुसला, तर खाली मसाला वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा निघाला. कुणाचा होता ते तिनं ओळखलं. मी तो घरी आणू म्हणालो, तर "राहू दे, पाणी आलं की परत त्यांचा होईल," असं म्हणून ती पुढं निघाली. तळ्याकाठी सहलीला जाणाऱ्यांनी त्या तळ्याच्या पोटात काय आहे हे जाणून जावं, असा माझा आग्रह आहे तो या पाट्यापासून आहे.

धरणाबरोबर पैठणला संत ज्ञानेश्वर उद्यान झालं, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर. मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची पहिली सहल ही तिथलीच. शाळांना निम्म्या भाड्यात गाडी मिळायची. हिवाळ्यात सहलींचे अर्ज आले की माझ्या टेबलावर फायलींचा ढीग लागायचा. एकाच दिवसात नाथमंदिर, नाथांची समाधी, नागघाट, धरणाची भिंत आणि संध्याकाळी रंगीत कारंजी. पोरं गाडीत गाणी म्हणत यायची आणि परतताना एकमेकांच्या खांद्यावर झोपायची. पुढं पूर आले, उद्यान उतरणीला लागलं, कारंजी थांबली. ते पुन्हा पूर्वीसारखं फुलावं असं मला मनापासून वाटतं, कारण उटी-कोडाईकॅनाल न परवडणाऱ्या घरांसाठी ते एवढंच होतं.

१९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला. हे सरोवर ताटासारखं उथळ आहे, आणि तेच पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं. पाणी मागं सरकतं तसा चिखल उघडा पडतो, शेतकरी त्यावर गाळपेर करतात आणि कडेच्या दलदलीत पक्षी उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, करकोचे येतात, फ्लेमिंगो येतात. सोनेवाडीच्या बाजूला पौषातल्या पहाटे धुकं उठायच्या आत पोचलात तर आवाज आधी येतो, पक्षी नंतर दिसतात. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा आपला जिल्हा त्याच संस्थानात होता, पण हे पाणी नव्हतं. आज त्यांच्या नावाचं सरोवर शहरात दिल्ली दरवाजाजवळ आहे. पूर्वीचा तो खिज्री तलाव. तिकडेही हिवाळ्यात बदकं असतात, आणि पैठणला जायला सवड नसलेल्यानं सकाळी तिथं तरी जावं.

नाथसागराची एक खोड लक्षात ठेवली पाहिजे. पाऊस नाशिकला पडतो आणि धरण पैठणला भरतं. आपल्याकडे पेरण्या खोळंबलेल्या असताना जलाशय वाढत असल्याच्या बातम्या येतात, आणि वरच्या धरणांतून पाणी सुटायचं की नाही यावर नाशिक, नगर आणि मराठवाडा यांची दरवर्षी रस्सीखेच होते. म्हणून इथल्या पेपरात जायकवाडीची टक्केवारी छापून येते आणि चहाच्या टपरीवर ती सगळ्यांना तोंडपाठ असते. पुण्याच्या गाडीतला प्रत्येक प्रवासी कायगाव टोक्याच्या पुलावर खिडकीबाहेर मान काढतो. सीलीनं गोदावरी ओलांडली ती याच परिसरात. पाणी देवळांच्या घाटाला टेकलंय की पात्राच्या मधोमध बारीक झालंय, यावर तो माणूस पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज बांधतो. आणि ज्या वर्षी धरण भरून २७ दरवाजे उघडतात, त्या वर्षी पैठणला जादा गाड्या सोडाव्या लागतात. दरवाजे बघायला लोक जेवणाचे डबे घेऊन जातात. त्या गर्दीत दुष्काळात टँकरमागं धावलेली माणसं असतात. पाणी सुटताना बघणं ही त्यांची हौस नाही, ते खात्री करून घेत असतात.

राहिला समुद्र. जिल्ह्याला किनारा नाही, पण पैठणला समुद्राची वाट दोन हजार वर्षं ठाऊक आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे जुन्या पैठणचा, माल जुन्नरला, नाणेघाटातून खाली कोकणात आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत जायचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वहीत पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय, आणि रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून इथले मौल्यवान खडे तिकडे जात असंही लिहिलंय. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि वाटेवर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. म्हणजे आमच्या पूर्वजांनी समुद्र पाहिला तो व्यापाराला गेलेल्या माणसांनी.

सुट्टीसाठी समुद्र गाठणं फार अलीकडचं. माझ्या खिडकीवर कोकणाची चौकशी आली की मी कागदावर लिहून द्यायचो: इथून पुणे शिवाजीनगर, तिथून रिक्षानं स्वारगेट, स्वारगेटहून रातराणीनं दापोली किंवा रत्नागिरी. मराठवाड्याच्या गाड्या शिवाजीनगरला लागायच्या आणि कोकणच्या स्वारगेटहून सुटायच्या, हे माहीत नसलं की अख्खी रात्र पुण्यात जायची. सहकुटुंब जाणाऱ्यांना मी 'आवडेल तेथे प्रवास' पास सुचवायचो. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढला की कुठल्याही साध्या गाडीत बसा, उतरा, पुन्हा बसा. त्या पासावर शिक्षक, तलाठी, गिरणीतले कामगार हर्णै, गणपतीपुळे, तारकर्ली करून आले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा चौकशी वाढली. परतलेले लोक सोलकढी आणि वाळूत सापडलेल्या शिंपल्यांची गोष्ट खिडकीशी येऊन सांगायचे. तेवढा वेळ मागची रांग थांबायची आणि कुणी कुरकुरायचं नाही.

आता समृद्धी महामार्ग शहराला खेटून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी लाटांत पाय बुडवू शकतो. मनमाडचा पूल नाही, स्वारगेटची रात्र नाही. शेजारची तरुण मंडळी गाडी काढतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत उरकून घेऊ म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतात. त्यांना मी हेच सांगतो, की समुद्रालाही महिना असतो. १ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, ताजी मासळी फारशी मिळत नाही, खवळलेल्या पाण्यात उतरता येत नाही, आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीही पावसाळ्यात बंद असते. शिवरायांनी बांधलेला तो किल्ला किनाऱ्यावर उभं राहून नुसता लांबून बघत पोरं परत आणायची नसतील, तर जून म्हैसमाळला द्या, पौष नाथसागराला, आणि मालवणचं आरक्षण दिवाळीनंतरचं करा.